अकरा पिवळे धोबी

दाराला बाहेरून कडी घातलेली होती. विशाखाने दार दोनदा हलवून पाहिलं आणि पुन्हा खाटेवर येऊन बसली. खिडकीच्या गजांबाहेर गावातली पंधरा-वीस माणसं आवारात बसली होती. पाच वाजता तिला न्यायला वनखात्याची जीप येणार होती. टेबलावर तिचा जबाब लिहून तयार होता: 'पहाटे जाळी उघडून मी झोपी गेले. अकरा पक्षी माझ्या निष्काळजीपणामुळे मेले.' फक्त सही बाकी होती.

भोकरजवळच्या या तळ्यावर ती नऊ हिवाळे पिवळ्या धोब्यांचा अभ्यास करत होती. दिवसभर शेतांत किडे टिपणारे हे पक्षी रात्री तळ्यातल्या पाणकणसात मुक्कामाला येत. पाणकणीस आणि शेतं यांच्यामधल्या बांधावर ताणलेल्या बारीक जाळीत पहाटे अलगद पकडायचे, मोजमाप घ्यायचं, पायात क्रमांकाची कडी घालून सोडून द्यायचं, हे तिचं काम. आज सकाळी वनाधिकाऱ्यांनी तिला जाळीजवळ जाऊच दिलं नाही. घमेल्यात ठेवलेले अकरा मेलेले पक्षी तेवढे दाखवले. तिने त्यांचे पाय तपासले. एकाच्याही पायात कडी नव्हती.

तिला एकच फोन करू दिला होता. तो तिने नांदेडच्या खाजगी तपासनीस बुद्धप्रियाला केला होता.

चार वाजता दाराची कडी निघाली. बुद्धप्रिया आत आली. तिच्यामागे तिचे घरमालक आणि हौशी मदतनीस हणमंतराव, निवृत्त मुख्याध्यापक. वनाधिकारी दारात उभे राहिले.

"एक तास आहे तुमच्याकडे," ते म्हणाले.

"जाळी तुम्ही उघडली?" बुद्धप्रियाने विशाखाला विचारलं.

"नाही. काल नांदेडला कॉलेजात माझं व्याख्यान होतं. दुपारी जाण्याआधी मी जाळी गुंडाळून बांधली होती. रात्री नऊच्या गाडीनं आले, अंगात ताप होता. सकाळी आठला उठले. पण पहाटे मी खोलीतच होते हे सांगणारं कुणी नाही."

बुद्धप्रियाने एकेकाला आत बोलावलं.

राखणदार रेवणसिद्ध आधी आला. "मी कालच्या दुपारपासून ताईसंगच नांदेडला व्हतो. सामानाची पेटी लई जड. येतानाबी एकाच गाडीनं आलो. सकाळी सातला बांधावर गेलो तर हे असं. शेताच्या बाजूनं फोटो काढला, मग पक्षी सोडवले."

हणमंतरावांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "कसला फोटो हा. सगळ्या जाळीवर दव चमकतंय. पक्षी जाळीच्या पलीकडं, पाणकणसाच्या अंगाला लोंबतायत. नीट दिसतसुद्धा नाहीत."

बुद्धप्रियाने फोटो विशाखापुढे धरला. विशाखा बघतच राहिली. तिने तोंड उघडलं, पण बुद्धप्रियाने मानेनेच तिला थांबवलं.

मग तळ्याकाठचे शेतकरी आदिनाथ आले. "ह्या बाईच्या पाखरांपायी तळं आटल्यावर गाळात करतो ती आमची गाळपेर बंद पडून राहिली, हे खरं हाय. पण मी परवापासून धर्माबादला लग्नात होतो. आज दुपारी आलो. पंगतीत वाढत होतो, शंभर जण सांगतील."

शेवटी वीरभद्र, खांद्याला पिशवी अडकवून. तळ्यावरचा विशाखाचा सहकारी.

"मी काल चारलाच भोकरला निघालो, बहिणीकडे," तो म्हणाला. "सकाळी नऊला परतलो."

"बहिणीकडे कधी पोचलात?"

"आठ वाजले असतील."

"तुमचं काम काय इथं?"

"मागच्या दोन हिवाळ्यांतली मोजणी माझीच. चारशे धोब्यांना कड्या घातल्या मी." त्याने विशाखाकडे पाहिलं. "वाईट वाटतं, ताई. रात्रभर तडफडले बिचारे."

हणमंतराव बाहेर येऊन कुजबुजले, "मला तर रेवणसिद्धचाच संशय येतो. पहिला तोच पोचला."

"सगळ्यांना बोलवा," बुद्धप्रिया म्हणाली.

पाचला दहा मिनिटं उरली होती. खोलीत माणसं दाटीने उभी राहिली.

"विशाखाताई, जाळीत पक्षी कसा अडकतो?"

"ज्या दिशेनं उडत येतो, त्याच्या पलीकडच्या बाजूला झोळी होते. त्यात लोंबतो."

"पहाटे धोबी पाणकणसातून शेताकडे जातात. पहाटे अडकले असते तर शेताच्या बाजूला, फोटो काढणाऱ्याच्या समोर लोंबले असते. हे लोंबतायत पाणकणसाच्या बाजूला. म्हणजे ते मुक्कामाला येत होते. जाळी पहाटे नाही, काल संध्याकाळी उघडली गेली."

"मग पहाटेचे पक्षी का नाही अडकले?" वनाधिकाऱ्यांनी विचारलं.

"दवामुळे," विशाखाच बोलली. "ओली जाळी चमकते. ते वरून निघून जातात."

"आणि पहाटे गुंडाळी सोडली असती तर आतली जाळी कोरडी असती," बुद्धप्रिया म्हणाली. "ती रात्रभर उघडी होती. काल संध्याकाळी विशाखाताई आणि रेवणसिद्ध नांदेडला, आदिनाथराव धर्माबादला. उरलं कोण? भोकरचा रस्ता वीस मिनिटांचा. त्याला वीरभद्रना चार तास लागले. आणि अख्खं गाव पहाटेची गोष्ट बोलत असताना 'रात्रभर' म्हणणारे तेच एकटे."

"पण मी कशाला करीन?" वीरभद्र म्हणाला.

"ताई, या हिवाळ्यात किती पक्षी पकडले?" बुद्धप्रियाने विचारलं.

"दोनशे साठ." विशाखा अडखळली. "दर हिवाळ्यात बरेचसे तेच पक्षी परततात, तरी यांनी कडी घातलेला त्यांत एकही नाही. सोमवारपासून मी तेच पडताळणार होते. यांना सांगितलंही होतं."

"ताईंचा पक्षी पकडायचा परवाना रद्द झाला की पडताळणी संपली. वीरभद्र, पिशवी उघडा."

पिशवीत तळाशी कड्यांची पाकिटं होती, न फोडलेली. वीरभद्र खाली बसला. "थंडीत उठवत नव्हतं," तो म्हणाला. "पहिल्या वर्षी थोडेच आकडे घरी बसून लिहिले. मग थांबताच येईना."

आवारातली माणसं पांगली. जीप वीरभद्रला घेऊन गेली. दार सताड उघडं होतं, तरी विशाखा जागची हलली नाही.

"सुटलात तुम्ही," हणमंतराव म्हणाले.

ती उठली आणि तडक बांधावर गेली. ऊन उतरलं होतं. शेतांकडून पिवळे ठिपके येऊ लागले. अंधारेपर्यंत ती मोजत राहिली. वीरभद्रच्या वहीत दोन्ही वर्षी सहा-सहा हजार लिहिले होते. तो आकडा वाचून ती निश्चिंत राहिली होती. आज अकराशे चाळीस भरले.

तिने तिथूनच आपल्या मार्गदर्शक प्राध्यापकांना फोन लावला.

"सर, मागची दोन वर्षं खोडायची आहेत," ती म्हणाली. "पक्षी संपत चाललेत, आणि आपल्याला कळलंच नाही."