काळी न झालेली काच

"मालक संध्याकाळी पाचपर्यंत सही कर म्हणतायत. मी नाही करणार, मॅडम. मेले तरी नाही," असं म्हणत कल्पिता गायकरने आसावरी कर्णिकांच्या टेबलावर एक टाइप केलेला कागद आपटला.

विश्राम भोईरने आपला चहा सावरला. पोलीस खात्यात तीस वर्षं काढून तो आता आसावरीबाईंच्या हाताखाली खासगी तपासाची कामं करायचा. डोकं बाईंचं आणि पाय आपले, अशी त्याने सरळ वाटणी करून टाकली होती.

कागदावर कबुली होती: 'प्रयोगाचे निकाल मी खोटे दाखवले.' कल्पिता वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या प्रयोगशाळेत तीन वर्षं एकाच द्रवाच्या मागे लागली होती. टीव्हीच्या पडद्यात असतो तसला द्रव स्फटिक, आणि त्यात डोळ्यांना न दिसणारे चुंबकीय कण. तो दोन काचांमध्ये भरायचा. चुंबक जवळ नेलं की काच काळवंडायची, लांब नेलं की उजळायची. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, पैसे गुंतवायच्या विचाराने प्रयोग बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर मात्र काच ढिम्म राहिली.

खंडेनवमीच्या दुपारी तिने द्रव तपासला होता, तेव्हा तो चोख चालत होता. मग बाटली कपाटात ठेवून किल्ली तिचे वरिष्ठ संशोधक सुमितसर यांच्याकडे दिली आणि पूजेआधीच ती कल्याणला घरी गेली. प्रयोगाच्या सकाळी पाहुण्यांना माजिवड्याच्या हॉटेलातून आणायला तिलाच पाठवलं होतं. ती दहाला पोचली तेव्हा सगळं मांडून तयार होतं.

द्रव दिसतो कसा, असं बाईंनी विचारलं. दूध जास्त पडलेल्या चहासारखा गढूळ, ती म्हणाली. सत्तर अंशांपर्यंत तापवला तरच आरपार दिसतं, आणि गार झाला की पुन्हा गढूळ. विश्रामला यातला चहा तेवढा कळला.

प्रयोगशाळेचे मालक अद्वय सप्रे भले गृहस्थ, पण घाबरट. कल्पिताने फसवलं, अशी मेल त्यांनी त्याच दुपारी पाहुण्यांना धाडली होती. बाई आणि विश्राम प्रयोगशाळेत पोचले तेव्हा यंत्रांवर अजून खंडेनवमीची झेंडूची फुलं होती. विश्राम एक फूल उचलायला गेला, तसे सप्रे हां हां करत धावले. पूजा ते स्वतः उठवायचे, तोवर यंत्राला कुणी हात लावायचा नाही, ही तिथली रीत. यंदा गोंधळात पूजा उठवायचीच राहिली होती.

सगळ्या यंत्रांवर फूल मधोमध होतं. द्रव तापवायच्या विजेच्या शेगडीवर तेवढं ते कडेला होतं आणि मधलं कुंकवाचं बोट फिसकटलेलं. बाईंनी बाटली उचलली. आतल्या एका बाजूला, बुडापासून बरंच वर, काळा डाग धरला होता. बुडाला बाहेरून लालसर काहीतरी लागलेलं होतं. बाटलीची पूजा केली होती का, असं त्यांनी विचारलं. सप्रे म्हणाले, छे, ती कपाटात कुलपात होती.

डॉक्टर सुमित देवस्थळी फार गोड बोलला. डिप्लोमाची मुलगी आहे, हात चांगला, पण अभ्यास कच्चा, असं त्याचं म्हणणं. त्या सकाळी नऊला त्याने एकट्यानेच दार उघडलं होतं.

"साडेनवाला मी बाटली कपाटातून काढली. आरपार दिसत होतं, म्हणून तर बाजूला धरलेला गोळा दिसला. तिने कण नीट मिसळलेच नव्हते. पण पाहुणे वाटेत होते, करणार काय?"

जिन्यात विश्राम कुजबुजला की हे काम मालकाचंच. बाई हसल्या. स्वतःचंच नाक कापायला मालकाला काय वेड लागलंय, असं त्यांनी विचारलं.

साडेचारला सगळे सप्र्यांच्या केबिनमध्ये जमले. कबुलीचा कागद टेबलावर होताच.

"आपोआप बसलेला गाळ तळाशी जातो," बाई म्हणाल्या. "बाजूला चिकटतो तो चुंबकाने ओढलेला. आणि देवस्थळी, कपाटातून काढलेल्या गार बाटलीतून तुम्हाला आरपार दिसलं कसं? गार असताना ती गढूळ असते. म्हणजे तुम्ही पाहिलीत तेव्हा ती तापलेली होती."

"पण तापवली कल्पितानेच नसेल कशावरून?" सप्र्यांनी विचारलं.

"बाटलीच्या बुडाला शेगडीवरचं कुंकू लागलंय. म्हणजे ती पूजेनंतर शेगडीवर चढली. तेव्हा कल्पिता इथे नव्हती, किल्ली यांच्याकडे होती. द्रव तापला की पातळ होतो, कण भराभर चुंबकाकडे येतात. मग कण निघून गेलेला उरलेला द्रव यांनी काचेत भरला. फूल यांनी कडेला सरकवलं, पण पूजेचं कुंकू पुसायला काही हात धजला नाही."

विश्रामला हे सगळं आता इतकं सोपं वाटलं की त्याला स्वतःचाच राग आला.

सुमितचा गोडवा उतरला. "पेटंटवर तिचं नाव माझ्या वर," तो म्हणाला. "पीएचडी मी केली, सर."

सप्र्यांनी कबुलीचा कागद फाडला. झालं गेलं विसरून जा, उद्यापासून कामावर ये, सुमितचं मी बघतो, असं ते कल्पिताला म्हणाले.

"विसरायचं काय, सर? मी फसवलं असं पाहुण्यांना कळवलंत. आता खरं कळवा. माझं पूर्ण नाव घालून, माझ्यासमोर."

कंपनीची अब्रू, चार लोकांत शोभा, असलं बरंच काही सप्रे बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि कॉम्प्युटर त्यांच्याकडे वळवून ठेवला. प्रयोग त्याच पाहुण्यांसमोर ती पुन्हा करणार होती, हेही लिहायला सांगितलं.

सप्र्यांनी लिहिलं, 'कल्पिता गायकर यांच्याबाबत गैरसमज झाला.'

"गैरसमज नाही, सर," ती म्हणाली. "चूक. आणि कुणाची, तेही लिहा."

सप्र्यांनी ती ओळ खोडली, 'कल्पिता गायकर यांनी फसवलं नव्हतं, त्या प्रयोग पुन्हा करतील. चूक माझी होती' असं लिहिलं आणि मेल पाठवून दिली.