बंद हृदयाचं बीपी

विश्वास ठेवा, नका ठेवू. पण ताई खोटं बोलत नाही, एवढं मी छातीठोक सांगतो.

माझी मोठी बहीण ऑपरेशनच्या वेळी भूल देणारी डॉक्टर. हे घडलं एका मंगळवारी, भर दुपारी, तिच्या थिएटरमध्ये.

टेबलावर एक निवृत्त मास्तर होते. हृदयाची झडप बदलायची होती. बीपी स्थिर, बाकी तब्येत ठणठणीत.

"अशी केस रोज मिळावी," सर्जन खुशीत म्हणाले.

त्यांनी हृदय थांबवलं. आता रक्त फिरवायचं काम मशीनचं. अशा वेळी ठोके नसतात. स्क्रीनवर बीपीची नुसती सरळ रेघ चालते.

चालली...

मग रेघ हलली.

एक ठोका.

जरा वेळाने... दुसरा.

"सर, हृदय चालू झालंय का?" ताईने विचारलं.

"वेड लागलंय? माझ्या बोटांखाली गार पडलंय ते!"

ताईने वायर बदलली. मॉनिटरच बदलला.

ठोके चालूच...

बीपी सरसर चढलं. दोनशेच्या वर. मग धाडकन खाली. पुन्हा वर.

"मॅडम, माझ्याकडे सगळं एकसारखं आहे," मशीन चालवणारा म्हणाला.

झडप बसली आणि ठोके एकदम थांबले. कुणी उठून गेल्यासारखे.

मास्तरांचं हृदय मात्र पहिल्याच प्रयत्नात सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी घशातली नळी काढल्यावर ते पहिलं वाक्य बोलले, "हिला कशाला आत घेतलंत?"

"कुणाला, काका?"

"माझ्या बायकोला. शेजारीच होती की. तेव्हा तर नको म्हणालात."

ताईला ती आठवली.

मास्तरांची बायको वर्षापूर्वी याच सर्जनकडे आली होती. हाच आजार. पण बीपी असंच... क्षणात वर, क्षणात खाली. ताई म्हणाली होती, औषधांनी आटोक्यात आणू, मग करू. सर्जनने ऐकलं नाही. "जोखीम फार आहे. टेबलावर गेली तर नाव माझं खराब होणार."

तिला घरी पाठवलं. तिथेच ती गेली.

मास्तरांना सोडायच्या दिवशी सर्जनने हसून हात पुढे केला. मास्तरांनी तो घेतला नाही.

"मला सोडताय," ते म्हणाले. "तिला कधी सोडणार?"

ताई अजून तिथेच काम करते. रेघ पुन्हा हलली का, हे मी कधी विचारलं नाही.

परवा जेवताना ती स्वतःच सांगू लागली, "अरे, काल पुन्हा..."

मी ताटावरून उठलो.