गाडीच्या पलीकडचे पाय

ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. मी ऐकीव काही सांगत नाही. ज्याच्यावर हे गुदरलं तो अभिमन्यू माझा मावसभाऊ. ते फोटो त्यानं माझ्या हातात दिले, मी ते पुन्हा पुन्हा पाहिले, आणि तेव्हापासून उभ्या गाडीखाली वाकून बघायची माझी हिंमत होत नाही.

ह्याच वर्षीची गोष्ट. होळी नुकतीच झाली होती. माजलगाव धरणाचं पाणी मागं सरकलं की काठाला मोठा माळ उघडा पडतो. त्या माळावर हे घडलं.

आणि रात्रीची वेळ नव्हती... लख्ख ऊन होतं.

अभिमन्यूचं तेलगावात मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. बरं चाललं होतं, पण मधेच त्याला फोटोग्राफीचं खूळ लागलं. लग्नाआधी नवरा-नवरीला रानात नेऊन फोटो काढतात ना, ते काम त्याला करायचं होतं. भारत नावाचा त्याचा मित्र, त्याचा गावातच फोटो स्टुडिओ. त्याच्याकडून जुना डिजिटल कॅमेरा घेतला आणि त्यालाच गुरू केलं.

गुरूनं पहिल्याच दिवशी झापलं.

"माणसाचे फोटो नंतर काढ बे. आधी गाडीचे काढ. गाडी हलत न्हाई, डोळे मिटत न्हाई, अन् फोटो बिघडला तर बोंबलत बी न्हाई. ऊन कुठून येतंय, सावली कुठं पडती, तेवढं आधी शीक."

गाडी होती. सासऱ्यांनी दिलेली.

सासरे म्हणजे विठ्ठलराव, माजलगावकडचे मोठे बागायतदार. राजकारणात मुरलेला माणूस. नात झाली तेव्हा त्यांनी स्वतःला नवी गाडी घेतली आणि आपली पांढरी, उंच चाकांची गाडी लेकीला, म्हणजे सायलीला, देऊन टाकली. गाडी अगदी चकाचक. इतकी चांगली गाडी हा माणूस का सोडतोय, अशी शंका अभिमन्यूला आली होती. पण फुकटात आलेल्या गाडीला कोण नाही म्हणतं?

तर हा पठ्ठ्या रोज दुपार कलली की गाडी घेऊन माळावर जायचा. सुरुवातीचे फोटो बघून भारतनं कपाळावर हात मारून घेतला. एकात टप कापलेला, एकात बोनेटवर ह्याचीच सावली.

"खाली बस. न्हाई, झोपच," भारत म्हणाला. "कॅमेरा जमिनीला टेकव. खालून काढली की गाडी लई रुबाबदार दिसती."

अभिमन्यू दुसऱ्या दिवशी माळावर पालथा झोपला आणि फोटो काढले.

फोटो छान आले. घरी येऊन त्यानं ते मोठे करून पाहिले... आणि तो थांबला.

गाडीखालून पलीकडचा उजेड दिसत होता. पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मधोमध... गाडीच्या त्या बाजूला... दोन पाय होते.

बाईचे. अनवाणी. भेगाळलेले, मातीनं माखलेले. बोटांत जोडवी.

बोटं गाडीकडं वळलेली. म्हणजे गाडीच्या पलीकडं कुणीतरी गाडीकडं तोंड करून उभं होतं.

पण माळावर कुणीच नव्हतं. एक झाड नाही, झुडूप नाही. माणूस आला असता तर लांबून दिसला असता.

त्याला पहिला संशय भारतचा आला. फोटोत काहीबाही घालून थट्टा करायची त्याची जुनी खोड. अभिमन्यू तडक स्टुडिओत गेला आणि त्याच्यावर उखडला.

भारत उलटा भडकला. "कार्ड तुझ्याकडं, कॅमेरा तुझ्याकडं. मी कधी घातले बे पाय? आण इकडं."

त्यानं फोटो बघितला. मोठा केला. मग कॅमेरा परत अभिमन्यूच्या हातात दिला.

"जागा बदलून बघ," तो शेवटी म्हणाला.

अभिमन्यूनं जागा बदलली. धरण सोडलं. ऊस तुटून गेलेल्या एका रानाकडेला गाडी लावली आणि पुन्हा पालथा झोपला.

पाय होतेच... पण आता गाडीच्या जास्त जवळ.

मग तेलगावच्या बाहेर, खडकाळ रानात.

तिथं पाय नव्हते. गुडघे होते... बाई खाली बसली होती.

जागा बदलली की दरवेळी ती थोडी पुढं सरकलेली. शेवटच्या फोटोत जमिनीवर टेकलेला एक तळहात दिसत होता. बोटं पसरलेली. हात गाडीखाली घातलेला. पलंगाखाली काही गेलं तर आपण चाचपतो, अगदी तसा.

त्या दिवशी त्यानं आवाजही ऐकला. पालथा झोपून डोळा कॅमेऱ्याला लावला होता. आधी टिटवी ओरडायची थांबली. वाराही पडला. आणि मग...

थप... थप... थप...

मातीवर कुणीतरी हळूहळू थापट्या मारत होतं. लेकराला झोपवताना मारतात तशा.

अभिमन्यू उठून गाडीला वळसा घालून धावला. पलीकडं कुणी नव्हतं.

आता संशय गाडीवर आला. गाडी देताना विठ्ठलरावांनी किल्ली हातात ठेवत एकच गोष्ट सांगितली होती, ती त्याला आठवली. "जावईबापू, चालू करायच्या आधी एकदा खाली वाकून बघत जा." तेव्हा त्याला वाटलं होतं, कुत्र्या-मांजरासाठी म्हणत असतील.

त्यानं सासऱ्यांना फोन लावला. सहज विचारल्यासारखं विचारलं, "मामा, ह्या गाडीला आधी काही झालतं का?"



"कावून?" विठ्ठलराव म्हणाले. "काय दिसलं तुमाला?"

काय दिसलं, असं का विचारावं माणसानं? अभिमन्यूनं तर काही दिसल्याचं सांगितलंच नव्हतं.

"काही न्हाई, मामा."

"मग नीट वापरा गाडी." फोन कट.

हे सायलीला कसं सांगायचं? तिचा जीव होता बापावर. आणि त्याच गाडीत रोज मागच्या सीटवर त्यांची लेक झोपायची. चिऊ, चार-पाच महिन्यांची. अजून कुशीवरही वळत नव्हती. सांगावं तर बायकोचं माहेर तुटतं, न सांगावं तर लेक त्या गाडीत. तो आतल्या आत कुढत राहिला.

इकडं सायलीला भलताच संशय. नवरा रोज दुपारी गाडी घेऊन कुठं जातो, घरी येऊन कॅमेरा का लपवतो? एकदा तो अंघोळीला गेला तेव्हा तिनं कॅमेरा उघडला. झालं!

"ही कोण?"

अभिमन्यू नुकताच टॉवेलवर बाहेर आला होता.

"जोडवी हायत. म्हणजे लग्नाची बाई हाय. लाज न्हाई वाटत? घरात लेकरू हाय तुमच्या!"

"सायली, तिथं बाई नव्हतीच."

"मग पाय कुणाचे? भुताचे?"

सायली कडवट हसली. "रविवारी मी येणार सोबत. चिऊला घेऊन. बघू तर खरं, कोण येतं ते."

रविवारी ते धरणाच्या काठाला गेले. अभिमन्यूनं हजारदा नाही म्हणून पाहिलं, पण संशयानं पेटलेली बायको ऐकते होय? त्यानं गाडी लावली, हँडब्रेक ओढला. हँडब्रेक ओढल्याचं तो आजही चिऊची शपथ घेऊन सांगतो. कॅमेरा बुटक्या स्टँडवर, उन्हाच्या बाजूला, जमिनीलगत ठेवला. थोड्या थोड्या वेळानं आपोआप फोटो निघेल असं लावून दिलं.

टक... टक...

बराच वेळ काहीच झालं नाही. सायली तिरकस बोलत होती, चिऊ उन्हानं किरकिरत होती. भारतला बोलवावं म्हणून अभिमन्यू फोनला रेंज शोधत उंचवट्यावर गेला. परत वळला, तर सायली मोकळ्या हातांनी त्याच्याकडं चालत येत होती.

"चिऊ कुठाय?"

"झोपली. गाडीखाली सावलीत टाकलीय."

"तिथं? तिथं कावून टाकलीस?"

"मग उन्हात टाकू? आमच्या फडावर ऊसतोडीच्या बाया अशीच टाकतात लेकरं. बैल सोडलेली गाडी असली की तिच्या सावलीत. बैल नसल्यावर गाडी हलती थोडीच?"

अभिमन्यू पळत सुटला.

टिटवी गप्प झाली...

वारा पडला...

थप... थप...

ह्या वेळी सायलीनंही ऐकलं.

आणि चाकाखाली खडे करकरले.

गाडी मागं सरकत होती. आत कुणी नाही, किल्ली अभिमन्यूच्या खिशात, आणि गाडी सावकाश मागं चालली होती. सायलीची किंकाळी माळभर घुमली. थोडी मागं जाऊन मातीच्या ढिगाला टेकून गाडी थांबली.

चिऊचं दुपटं मातीत रुतलं होतं. त्याच्यावर पुढच्या चाकाची जाड खूण उमटली होती.

चिऊ त्याच्यावर नव्हती.

ती गाडीपासून लांब, गवताच्या कडेला गाढ झोपली होती. अंगावर ओरखडा नाही. तिच्याखालची माती हातानं सारखी केलेली होती, खडे वेचून बाजूला ठेवलेले होते.

कुशीवर न वळणारं लेकरू तिथं गेलं कसं?

सायलीनं तिला छातीशी धरलं आणि ती खालीच बसली. अभिमन्यूनं कॅमेऱ्यातले फोटो बघितले. एका फोटोत दुपट्यावर चिऊ. पुढच्यात, गाडीपलीकडून आलेला एक हात. त्याच्या पुढच्यात तो हात चिऊच्या मानेखाली. आई धरते तसा. त्यानंतर नुसतं दुपटं आणि चाक.

त्या गाडीत परत कुणी बसलं नाही. भारत येऊन त्यांना घेऊन गेला. सायली म्हणाली, "घरी नको. अण्णांकडं चल."

विठ्ठलराव ओसरीवर बसले होते. नातीला बघून त्यांनी हात पुढं केले, मांडीवर घेतलं, पापे घेतले. अभिमन्यूनं कॅमेरा त्यांच्यासमोर धरला.

त्यांनी फोटो बघितला. हा हात कुणाचा, असं विचारलं नाही. हे काय आहे, असंही विचारलं नाही.

"लेकरू कुणी काढलं भाईर?" त्यांनी विचारलं.

"आमच्यापैकी कुणी न्हाई," अभिमन्यू म्हणाला.

विठ्ठलरावांनी डोळे मिटले. खांद्यावरचं ओझं उतरावं तसा मोठा सुस्कारा सोडला.

"मग सापडलं म्हणायचं तिला."

भारत दारातच उभा राहिला.

"अण्णा," सायली म्हणाली. "कुणाचं लेकरू होतं?"

"ऊसतोडीच्या टोळीतलं व्हतं. सावलीला टाकलेलं. उभी गाडी बघून टाकलं त्यांनी... मला काय म्हाईत खाली काय हाय? मी बसलो अन् चालू केली."

"नाव काय होतं त्याचं?"

विठ्ठलराव तिच्याकडं बघत राहिले. खरंच आठवून बघितल्यासारखं.

"नाव न्हाई इचारलं मी."

सायली उठली. बापाच्या मांडीवरची लेक तिनं उचलून घेतली. चिऊ उठली नाही, रडलीही नाही. विठ्ठलरावांचे हात मात्र तसेच, लेकरू धरल्यासारखे, वर राहिले. सायली पायऱ्या उतरून गेली. त्यानंतर ती माहेराला गेलेली नाही.

ती त्या आईचा शोध घेते आहे. ऊसतोडीच्या टोळ्या दिसल्या की थांबून विचारते. कुणी सांगतं, लेकरू गेलं त्याच उन्हाळ्यात ती बाईही वारली. कुणी सांगतं, छे, ती जिवंत आहे, दरसाल नवऱ्याबरोबर तोडीला जाते, फक्त बोलत नाही कुणाशी. जिवंत असेल तर ते पाय कुणाचे? अभिमन्यूला मी हे विचारलं, तर त्यानं विषय बदलला.

माळावरची गाडी दुसऱ्या दिवशी तिथं नव्हती. विठ्ठलरावांनी उचलून नेली म्हणतात. कुठं नेली, कुणाला विकली, ते बोलत नाहीत. म्हणजे ती आज कुणाच्या तरी दारात उभी असणार.

अभिमन्यू आता लग्नाचे फोटो काढतो आणि चांगले काढतो. पण त्या एका शब्दानं त्याची झोप उडवलीय. 'सापडलं.' तिला कुणाचं लेकरू सापडलं असं वाटत असेल?

परवा चिऊचा पहिला वाढदिवस झाला. बारशाला सजवावं तसं घर सजवलं होतं, चिऊ नव्या झबल्यात पाटावर बसली होती. घरात फोटोग्राफर असून कुणी एक फोटो काढेना. म्हणून मीच मोबाईल वर धरला. अभिमन्यूनं येऊन माझं मनगट घट्ट पकडलं.

"नको," तो हळूच म्हणाला. "तिच्या शेजारी कोण बसलंय ते बघायचं न्हाई मला."

मी मोबाईल खिशात ठेवून दिला.