तातय उठेपर्यंत

फाटकाची कडी वाजली आणि अमिहान दचकली. फिलिपिन्समधल्या बातांगासच्या या गल्लीत भर दुपारी कुत्रंसुद्धा कूस बदलत नाही, आणि फाटकाशी उभा होता एफ्रेन... आठ दिवसांपूर्वी मावसबहिणीच्या लग्नात तिच्या झग्यावर सरबत सांडणारा, अन् माफी मागता मागता तिला नाचायला नेणारा.

ती अनवाणीच धावली.

"वाजवू नकोस. तातय झोपलेत."

तिच्या वडिलांची दुपारची झोप मोडणं म्हणजे वाघाच्या गुहेत शिरणं. मागे एक मुलगा असाच तिला मागायला अवेळी आला होता. तातयनी त्याला असा फैलावर घेतला, की तो पुन्हा फिरकला नाही.

एफ्रेन पडला मनिलाचा, त्याला हे कुठून कळणार? चारच्या बसने तो निघणार होता, नव्या नोकरीसाठी थेट दूर दक्षिणेच्या दावाओला. त्याआधी तिला मागणी घालायला तातयची परवानगी हवी होती. आमच्याकडे आधी घरच्यांना विचारायचं, मग मला, असं तिनेच त्याला बजावलं होतं.

दोघं आंब्याखालच्या बांबूच्या बाजेवर बसले. कुजबुजायचं म्हणून जवळ... अगदी जवळ.

"लहानपणी दुपारी झोपायचा नाहीस ना?" ती म्हणाली. "दुपारी झोपलं की उंची वाढते म्हणतात. म्हणून तुझी खुंटली."

"खिडकीतून पळायचो. आता भोगतोय — तुझ्या खांद्याशी येतो."

"मला चालतं," ती बोलून गेली, आणि कानापर्यंत लाल झाली.

तिला वाटलं, आता तो काहीतरी बोलेल. पण धास्तीने रात्रभर जागलेल्या त्या शहाण्याने बाजेवर पाठ टेकली, आणि घोरायलाच लागला. उठवावं? तिचा हात होईना. किती निवांत दिसत होता तो! तिला तो आवडत होता, खूप आवडत होता.

चार वाजायच्या बेतात असताना तातय जांभई देत बाहेर आले. बाजेपाशी थबकले.

"हा कोण?"

"एफ्रेन. तुम्हाला भेटायला आलाय... तुम्ही उठायची वाट बघत होता."

कोपऱ्यावर बसचा भोंगा वाजला. अमिहानने घाबरून एफ्रेनच्या खांद्याकडे हात नेला.

"राहू दे," तातय दबक्या आवाजात म्हणाले. "या घरात झोपलेल्याला उठवत नाहीत. बस उद्याही आहे. केळी जरा जास्त तळ, हाही खाईल."

ते आत वळले. बस निघून गेली. एफ्रेनचे डोळे मिटलेलेच होते, पण त्याच्या करंगळीने तिची करंगळी घट्ट धरली होती.