अब दुख्दैन

दवाखान्याच्या दारात टक्कर झाली आणि फिजिओथेरपिस्टच्या हातातला चहा थेट घड्याळवाल्याच्या शर्टावर!

"भाजलं का हो?"

"छे... गारच होता," तो म्हणाला. शर्टातून वाफा निघत होत्या. या माणसाला धड खोटंही बोलता येत नाही, हे तिला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्याच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. आमा नुकत्याच लेकाकडे आलेल्या, नेपाळीखेरीज एक शब्द येत नव्हता. म्हणून लेक दुभाषा. तिने मनावर घेतलं. नेपाळी शिकायचीच! लिपी तर आपलीच, मग अडतंय कुठे? त्याने आणलेलं मुलांचं पुस्तक तिने बातम्या द्याव्यात तसं धडाधड वाचून दाखवलं.

"कळलं?"

"अक्षर न् अक्षर! अर्थ तेवढा... नाही."

तो हसला. हसताना त्याचा एक डोळा आधी मिटायचा, भिंगातून बघायची सवय. तो डोळा दिवसभर तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

आमा मात्र खूश. पोरीला आपली भाषा येते म्हणून त्या घरचं-दारचं सगळं सांगत सुटल्या, आणि ही नंदीबैलासारखी मान डोलावत "हजुर, हजुर!"

तो तिला रोज नवे शब्द द्यायचा. बसा, उठा, पाणी, पाऊस. दुखण्याचा शब्द मात्र काही केल्या देईना. "अवघड आहे... नंतर."

काठी सुटली, गुडघा छान वाकू लागला. तरी विचारलं की आमा ठसक्यात काहीतरी सांगायच्या आणि हा जमिनीकडे बघत, "अजून दुखतंय म्हणते." तिला मनातून बरंच वाटायचं, आणि मग स्वतःचीच लाज. पण उपचार संपले की हा इकडे कशाला फिरकेल?

रविवारी तिने पुस्तकातली अस्वलाची गोष्ट चित्रं बघत वाचली. गाल सुजलेलं अस्वल: "दुख्छ! दुख्छ!" दात उपटल्यावर तेच नाचतंय: "अब दुख्दैन!"

ती ताडकन उठून बसली. दुख्दैन... हे तर आमा रोज म्हणतात!

सोमवारी तिने साळसूदपणे विचारलं, "कसं आहे आईंचं?"

"दुख्दैन, दुख्दैन!" आमांनी कपाळाला हात लावला.

"अजून... दुखतंय म्हणते."

"हो? मग अस्वलाला का नाही दुखत?"

त्याचे कान लालबुंद झाले. "ते पुस्तक मीच दिलं, नाही का..."

"स्वतःच्या हाताने."

"आई बरी झाली म्हटलं असतं, तर मी काय सांगून आलो असतो? तुम्हाला पाहिल्याशिवाय... माझा दिवस सरत नाही. रागावलात?"

"रागावणारच. त्यांना उगाच जिने चढायला लावलेत!"

आणि मोडक्यातोडक्या नेपाळीत तिने आमांना सांगून टाकलं की उद्यापासून यायचं नाही. आमांनी "सुटले!" म्हणून हात जोडले. त्याचा चेहरा मात्र पार उतरला. तो दाराकडे वळला.

"आणि तुम्ही," तिने मागून हाक दिली, "भोलि पनि आउनुहोस्... एक्लै."

तो जागच्या जागी थबकला. "उद्याही? एकटाच?"

"हजुर," ती म्हणाली. या वेळी त्याचा अर्थ तिला पुरता ठाऊक होता.

त्याचा एक डोळा मिटला, मग दुसरा. आमा केव्हाच, कठड्याला हातही न लावता, जिना उतरून गेल्या होत्या.