सत्तेचाळीसनंतरचं वाक्य

तो पहिल्यांदा तिच्या खिडकीशी आला तेव्हा तिला वाटलं, बिचाऱ्याला कमी ऐकू येतं.

"मुख्याधिकाऱ्यांची खोली कुठे?"

"वरती. जिना चढून डावीकडे."

"पुन्हा सांगता?"

"वरती. जिना चढून डावीकडे. दाराबाहेर कुंडी आहे."

तो हलला नाही. खांद्यावर वायरींची पिशवी, हातातल्या छत्रीतून फरशीवर टपटपणारं पाणी, आणि डोळे अर्धे मिटलेले... लांबून कुणाचं तरी गाणं ऐकू यावं तसे.

"आणि... घरपट्टी कुठे भरायची?"

"तीन नंबर. घरपट्टी भरायचीय का साहेबांना भेटायचंय?"

"दोन्ही नको. तुम्ही फक्त बोलत राहा."

मागे उभ्या असलेल्या बाईंनी त्याला पिशवीसकट बाजूला सारलं. "बाबा रे, तुझं झालं असेल तर आम्हीही चौकशी करतो."

तो गेला. पण जिना चढताना दोनदा वळून बघून गेला, आणि दुसऱ्यांदा पायरी चुकला.

त्या नगरपालिकेत माणसं खिडकीच्या नावाने ओळखली जायची. जन्ममृत्यूच्या नोंदी करणाऱ्या थोराड बाई म्हणजे जन्ममृत्यू काकू, पाणीपट्टीवाले नुसतेच पाणी, आणि ही चौकशी. त्याचंही त्याच दिवशी नामकरण झालं. मशीनवाला.

मशीन त्याच्या आधीच येऊन बसलं होतं. कार्यालयाचा सगळा कारभार आता संगणकावर गेला होता. पूर्वी लोक खिडकीपाशी एकमेकांच्या डोक्यावरून कागद नाचवायचे, ज्याचं कोपर मोठं त्याचा नंबर आधी. आता दाराशी बटण दाबायचं, टोकन घ्यायचं, खुर्चीवर बसायचं. नंबर आला की स्पीकर सांगणार, अमुक टोकन, तमुक खिडकी. सगळं कसं झकास. फक्त तो स्पीकरमधला आवाज. काचेवर नख ओढल्यासारखा बारीक आणि चिरका. तरुणांना तो टोचायचा आणि म्हाताऱ्यांना ऐकूच यायचा नाही. बिचारे खुर्चीत वाट बघत बसायचे, नंबर निघून जायचा, मग पुन्हा टोकन, पुन्हा वाट. साहेबांनी निर्वाणीचं सांगितलं होतं, महिनाअखेरपर्यंत सुधारणा झाली नाही तर मशीन उचला, आमची जुनी रांग बरी होती.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला तो पुन्हा खिडकीशी.

"मला तुमचा आवाज हवाय."

तिने पेन खाली ठेवलं. "काय?"

"स्पीकरसाठी. म्हातारपणी कानातून बारीक आवाज आधी जातात. खालचे टिकतात. तुमचा आवाज खालचा आहे. म्हणजे... खोल. विहिरीसारखा."

"विहिरीसारखा," ती म्हणाली. "बाईमाणसाला सांगायची ही छान तऱ्हा."

"विहिरीचं पाणी गोड असतं हो," शेजारच्या खिडकीतून काकू म्हणाल्या. त्यांचे कान मात्र शाबूत होते.

ती हसली नाही. या आवाजाने तिला आजवर दिलं काय होतं? शाळेच्या समूहगीतात तिच्या आवाजाला सभागृह हसलं, तेव्हा बाईंनी हळूच सांगितलं होतं, तू नुसते ओठ हलव. मोठेपणी एक स्थळ आलं, मुलाच्या आईचा फोन हिने उचलला, तर पलीकडून, "बाळा, जरा ताईला दे बघू." त्यानंतर त्या मंडळींचं काही कळलं नाही. तेव्हापासून घरचा फोन आई उचलायची आणि ही कमी बोलायची. आता हा कोण कुठला मशीनवाला येऊन म्हणतो, बोलत राहा.

"नाही म्हटलं तर?"

"तर मी रोज येऊन तीन नंबरची खिडकी कुठे ते विचारेन."

ती हो म्हणाली. म्हाताऱ्यांसाठी, असं काकूंना सांगितलं. काकूंनी मान डोलावली, विश्वास ठेवला नाही.

रेकॉर्डिंग दप्तरखोलीत. तिथले जुने गठ्ठे आवाज पिऊन टाकतात, घुमू देत नाहीत, असं त्याचं म्हणणं. पहिल्या दिवशी काकू सोबतीला येऊन स्टुलावर बसल्या. तिसाव्या आकड्याला त्यांचं घोरणं माइकमध्ये येऊ लागलं, तेव्हा त्यांची रवानगी पुन्हा जन्ममृत्यूकडे झाली. पंखा घरघरतो म्हणून तोही बंद. मग एक आकडा झाला की तो फायलीच्या पुठ्ठ्याने तिला वारा घालायचा, आणि तिने बोलायला श्वास घेतला की पुठ्ठा हवेत थांबायचा. ती बोलत असताना तो हलायचाही नाही. कानांवर हेडफोन, नजर तिच्यावर.

"एकोणचाळीस... खिडकी क्रमांक दोन. बरोबर?"

"पुन्हा."

"का? काय चुकलं?"

"काही नाही चुकलं."

"मग पुन्हा कशाला?"

तो पुठ्ठ्याकडे बघत म्हणाला, "एक जास्तीचं असावं."

सत्तेचाळीसनंतर ती काहीतरी पुटपुटली, तो हसला, दोघं कोमट पाणी प्यायले आणि अठ्ठेचाळीसकडे वळले. शंभरावर पोचेस्तोवर तिच्या लक्षात आलं होतं, आपण आठवड्यात जेवढं बोलत नाही तेवढं या खोलीत बोललोय. आणि घसा मुळीच दुखत नाहीये.

नव्या आवाजाच्या दिवशी साहेब स्वतः खाली आले. दालन भरलेलं. "टोकन क्रमांक एक, खिडकी क्रमांक चार," स्पीकर म्हणाला, आणि एक आजी पटकन उठल्या. मग दुसरे, तिसरे. कुणाचा नंबर चुकेना. साहेबांचा चेहरा उजळला. ती खिडकीत मान खाली घालून बसली होती, पण कानाची पाळी लाल झाली होती.

आणि मग...

"टोकन क्रमांक सत्तेचाळीस... तुम्ही असं बघत बसलात ना, तर मी काही पन्नासपर्यंत पोचत नाही."

आख्खं दालन स्पीकरकडे बघू लागलं. सत्तेचाळीस नंबरचं टोकन घेतलेले एक जाडजूड दुकानदार गोंधळून उभे राहिले. "मी कुठे बघतोय?"

जे हसू फुटलं, ते जिन्यापर्यंत गेलं. पाणी हसले, काकू हसल्या, साहेबांनी रुमाल तोंडाला लावला. ती उठली, खिडकीला 'जेवणाची वेळ' ही पाटी लावली आणि सकाळी अकराला दप्तरखोलीत जाऊन बसली.

तो धावत आला. "माझी चूक. सत्तेचाळीसच्या दोन प्रती होत्या. एक कापलेली, एक... न कापलेली. चढवताना अदलाबदल झाली."

"न कापलेली ठेवलीत कशाला?"

तो हातातली वायर गुंडाळू लागला.

"विचारतेय मी."

"ऐकायला," तो म्हणाला. "रोज ऐकतो."

दुसऱ्या कुठल्याही दिवशी ती या दोन शब्दांवर महिनाभर जगली असती. पण बाहेर अजून कुणीतरी हसत होतं, आणि तिला ते शाळेच्या सभागृहातलंच हसू वाटत होतं.

"पुसून टाका."

"ती एक? टाकतो."

"सगळे. आवाज माझा आहे ना?"

त्याने एकदा तिच्याकडे बघितलं. महिनाअखेर तोंडावर होती, हे दोघांनाही माहीत होतं. "हो," तो म्हणाला. "तुमचाच आहे." आणि तिच्यासमोर एकेक करून सगळे पुसले. ती न कापलेली प्रतही. तिच्यावर त्याचं बोट जरा जास्त वेळ थांबलं, इतकंच.

चिरका आवाज परत आला. नंबर पुन्हा चुकू लागले. त्याने काकूंचा आवाज घेऊन पाहिला, पण काकू प्रत्येक नंबर असा पुकारायच्या की लोक घाबरून उठायचे. नोंद जन्माची की दुसरी, ते कळेना. साहेब आता त्याच्याशी जिन्यातच उभ्या उभ्या बोलायचे.

तो तिला एकदाही विचारायला आला नाही. त्याचाच तिला राग येत होता. विचारलं असतं, तर निदान नाही तरी म्हणता आलं असतं.

घरी बातमी पोचलीच होती. आईने ताट वाढता वाढता विचारलं, "हसले म्हणे लोक."

"हसले."

"तुझ्या आवाजाला, का वाक्याला?"

तिने घास तसाच हातात धरला.

"मी काही म्हणत नाही," आई म्हणाली. "पण वाक्य चांगलं होतं म्हणे. मीसुद्धा हसले."

महिनाअखेर आली. पेन्शनवाल्यांचा दिवस. आपण हयात आहोत हे वर्षातून एकदा समोर येऊन सांगायचं, नाहीतर पेन्शन थांबते. काठीवाले एक आजोबा सकाळपासून पहिल्या रांगेत ताठ बसले होते. त्यांचा नंबर एकदा गेला, दुसरं टोकन घेतलं, तोही गेला. मग ते उठले आणि बाहेर निघता निघता तिच्या खिडकीशी थांबले.

"पोरी, जिवंत आहे एवढंच सांगायला आलो होतो," ते म्हणाले. "तुमच्या मशीनने दोनदा मारलं. राहू दे आता."

"थांबा आजोबा. टोकन दाखवा."

ती खिडकीतून बाहेर आली. दालनाच्या मधोमध उभी राहिली. समोर तीच माणसं, जी हसली होती. भिंतीला टेकून तो उभा होता, हातात वायर, आणि त्याने काही खूणसुद्धा केली नाही.

"टोकन क्रमांक तेहतीस," ती म्हणाली. "खिडकी क्रमांक चार."

आवाज छतापर्यंत जाऊन शांतपणे खाली उतरला. कुणी हसलं नाही. मागच्या रांगेतल्या एक बाई शेजारणीला म्हणाल्या, "ही आली बघ परत. आता जरा डोळा लावायला हरकत नाही, नंबर आला की कळेल."

तिने चौतीस पुकारला. पस्तीस पुकारला. कुणीतरी स्पीकरची वायर काढली होती. कुणी, ते बघायची गरज नव्हती. कार्यालय बंद होईपर्यंत ती उभी राहून पुकारत होती, आणि मधेच केव्हातरी बाकावर कोमट पाण्याचा पेला आलेला होता.

शेवटचा माणूस गेला तशी ती दप्तरखोलीत शिरली. "लावा तुमचं ते यंत्र."

"घसा बसेल तुमचा."

"बसू दे. विहीर आहे, आटत नाही."

त्याने मुकाट्याने माइक जोडला. तिने स्वतःच पंखा बंद केला.

"मला परत विचारलं का नाहीत?"

"तुम्ही पुसायला सांगितलं होतंत."

"आणि साहेबांनी मशीन उचलायला लावलं असतं, तर?"

"दुसरीकडे लावलं असतं."

"आणि तुम्ही?"

"मलाही दुसरीकडे लावलं असतं," तो म्हणाला. "कंपनीचाच माल मी."

आता मात्र ती हसली, आणि हसूही त्याच खोल आवाजात होतं. "ते रोज ऐकायचात... रोज म्हणजे कधी?"

"सकाळी. दाढी करताना."

"तरीच हनुवटी कापलेली असायची."

त्याने हनुवटीवर हात ठेवला. पुढचे दहा आकडे त्यांना तीनतीनदा घ्यावे लागले, कारण कधी ती हसायची, कधी तो.

साहेबांनी सही केली. मशीन राहिलं. आणि मशीन राहिलं म्हणजे मशीनवाल्याचं काम संपलं, हे तिला सही झाल्यावर उमगलं. तो खिडकीशी आला, यावेळी छत्री नव्हती.

"पुढच्या गावची नगरपालिका आहे आता. तिथेही म्हातारे आहेत. तुमचा आवाज नेऊ का? परवानगी लागते."

"न्या."

"बरं," तो म्हणाला. आणखी काहीतरी त्याच्या ओठांवर आलं, तिथेच घुटमळलं. "...बरं," तो पुन्हा म्हणाला, आणि खोकं उचलून दाराकडे निघाला.

ती बघत राहिली. तो खुर्च्यांच्या रांगांपाशी पोचला, टोकनच्या यंत्रापाशी पोचला. पूर्वीची ती असती तर तिने ओठ नुसते हलवले असते. गावोगावची म्हातारी माणसं आता तिचं ऐकणार होती, आणि ज्याला सांगायचं तोच एक न ऐकता चालला होता.

"अहो, थांबा."

दालनातली सगळी माणसं थांबली. हा आवाज सांगेल ते करायचं, एवढं आता सगळ्यांना पाठ झालं होतं. बटण दाबायला निघालेला हात थांबला, पाण्यांचा शिक्का हवेत थांबला. तोही थांबला.

"आतापासूनच अहो," काकू पुटपुटल्या.

तो वळला. मधे पंचवीसतीस खुर्च्या, आणि प्रत्येक खुर्चीतून एक चेहरा एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे. "बोला," तो म्हणाला. मग अवघडून, "म्हणजे... सगळे ऐकतायत."

"ऐकू दे." तिने दोन्ही हात खिडकीच्या फळीवर टेकवले. आवाज स्थिर होता. "आवाज नेलात, तो तुम्हाला दिला. पण मी इथे आहे. मला तुमची वाट बघत बसावं लागेल, आणि ते मला आवडणार नाही. म्हणून रविवारी यायचं."

त्याने खोकं खाली ठेवलं. "रविवारी ऑफिस बंद असतं."

"म्हणूनच," ती म्हणाली. "घरी यायचं. आईला सांगून ठेवते."

मागच्या रांगेतून एका आजोबांनी विचारलं, "काय म्हणाली ती?" शेजारचे म्हणाले, "आपला नंबर नाही हो तो. त्याचा आहे."

तो दारातच उभा होता, कानापर्यंत लाल. मग त्याने मान हलवली. एकदा. ते पुरेसं नाही असं वाटून पुन्हा एकदा. आणि खुर्च्यांच्या रांगेतून, कुणाच्या पायांना लागत, कुणाच्या पिशव्या ओलांडत, तिच्या खिडकीकडे परत यायला निघाला... पत्ता विचारायला.