वृषाली निघाली हत्ती पाहायला

बस बंद पडली ती नेमकी जामसावळीच्या अलीकडे. फेब्रुवारीची सकाळ होती. उन्हाला अजून धार नव्हती, आणि दोन्हीकडच्या संत्र्याच्या बागांमधून येणारा वारा गार लागत होता. वृषाली मात्र कासावीस झाली होती. ती पांढुर्ण्याची, सौंसरच्या एका शाळेत भूगोल शिकवायची, आणि पहिलाच तास तिचा होता.

तेवढ्यात एक पिकअप येऊन थांबली. मागे संत्र्याचे रिकामे कॅरेट खडखडत होते. चालवणाऱ्या तरुणानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि सौंसरला जायचं असेल तर बसा म्हणाला. बसमधल्या एक म्हाताऱ्या बाईही निघाल्या. त्या मधे बसल्या, वृषाली खिडकीशी.

गाडी जरा पुढे गेली असेल-नसेल, तिचा फोन वाजला. नंबर परदेशातला. मग वृषाली इंग्रजीतून बोलायला लागली ती बराच वेळ. गाडीचं टायर फुटलं तर विम्यात बसतं का, लहान गाडी पार्कात चालते का, परत देताना धुऊन द्यावी लागते का... पलीकडचा माणूस बहुतेक घायकुतीला आला होता. फोन ठेवल्यावर तरुणानं मधे पेंगणाऱ्या आजींवरून तिच्याकडे पाहिलं.

"मॅडम, कुठून फोन होता?"

"दक्षिण आफ्रिकेतून."

"आफ्रिकेत कोन आहे तुमचं?"

"हत्ती," ती म्हणाली.

तो एवढं हसला की मधल्या आजी दचकून जाग्या झाल्या. सौंसरच्या चौकात ती उतरली तेव्हा त्यानं आपलं नाव सांगितलं... अंकुर. लोधीखेड्याच्या वाटेवर त्याची बाग होती. आणि मग, गाडी सुरू करता करता, जरा अडखळत म्हणाला, "ते हत्तीचं... पुन्हा भेटलो त सांगा."

पुन्हा भेट झाली, कारण त्यानं ती होऊ दिली. मंडीतून परतायची त्याची वेळ आणि तिच्या बसची वेळ हळूहळू एक व्हायला लागली. पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर चहाचा कप हातात घेऊन तो उभा असायचा, आणि ती सांगायची.

लॉकडाउनमध्ये घरात कोंडून पडलेली असताना तिला मोबाइलवर एक गंमत सापडली होती. क्रूगर नावाच्या जंगलात एका पाणवठ्यावर कॅमेरा लावलेला होता, आणि तिथे जे घडेल ते इथे त्याच क्षणी दिसायचं. पांढुर्ण्यात भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसायचं, आणि तिच्या तळहातावर हत्तींचा अख्खा कळप पाणी प्यायचा. तेव्हापासून तिनं मनाशी धरलं होतं, जायचं.

नागपूरच्या एका ट्रॅव्हल कंपनीचा आकडा ऐकून ती 'कळवते' म्हणून उठून आली होती. पण मग तिनं स्वतःच शोधायला घेतलं. कळलं की त्या जंगलात आपली गाडी आपण चालवत फिरता येतं. रस्ते डांबरी, गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूनं. सरकारी कॅम्पातल्या साध्या खोल्या थेट पार्काकडूनच ठरवायच्या, जेवण आपलं आपण शिजवायचं. मे महिन्यात तिकडे थंडी सुरू होते, गवत वाळतं, जनावरं पाण्यापाशी येतात. आणि तिकडच्या सुट्ट्यांचा हंगाम नसल्यामुळे खोल्याही मिळतात. शाळेला सुट्टी तेव्हाच. जिवलग मैत्रीण नेहा सोबत येणार होती. गाडी नेहा चालवणार, बाकी सगळं वृषाली पाहणार.

अंकुर ऐकत राहायचा. एकदा म्हणाला, "मी त बागेतल्या रानडुकराले पाहून पळतो, अन् तुमी सिंहाच्या गावाले जाऊन राहिल्या."

"तुम्ही या ना मग. पळायला भरपूर जागा आहे तिकडे."

बोलून गेल्यावर तिची तिलाच लाज वाटली. त्यानं चहा संपवायला त्या दिवशी फारच वेळ लावला.

मार्च लागला आणि नेहाचं लग्न ठरलं. तारीख मे महिन्यातली. नेहा रडली, वृषालीनं तिची समजूत घातली, आणि घरी येऊन स्वतः रडली. तिकीट काढून झालं होतं. लायसन्स तिच्याकडेही होतं, कॉलेजात असताना नेहाच्या नादानं काढलेलं. पण त्यानंतर तिनं गाडीला हात लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर तिनं अंकुरला सरळच विचारलं, गाडी शिकवाल का.

त्याच्या बागेत मधून एक लांब कच्ची वाट होती. शाळा सुटली की ती तिथे जायची. शेजारच्या बागेत संत्र्याला आंबिया बहाराची फुलं आली होती. त्या वासानं डोकं हलकं व्हायचं. अंकुरची जुनी अल्टो पहिल्या आठवड्यात इतक्या वेळा बंद पडली की बांधावर बसलेल्या त्याच्या आईनं, देवकाबाईंनी, कपाळावर हात मारून घेतला. अंकुर मात्र चिडला नाही. गिअरवरचा तिचा हात चुकायचा, तो आपला हात अगदी जवळ आणायचा आणि... न लावताच मागे घ्यायचा. ते तिला दिसायचं. दिसलं नाही असं दाखवताना गाडी हमखास बंद पडायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. एप्रिलमध्ये ती सौंसरच्या बाजाराच्या गर्दीतून गाडी काढू लागली, तेव्हा शेजारी बसलेला अंकुर रस्त्याकडे बघायचं विसरून तिच्याकडेच बघत होता.

गाव लहान. वृषालीच्या बाबांच्या, मोरेश्वररावांच्या टाइल्सच्या दुकानापर्यंत बातमी गेलीच. ते भले गृहस्थ. त्यांनी आरडाओरडा केला नाही. अंकुरला दुकानात बोलावलं, चहा पाजला, घरची चौकशी केली. मग म्हणाले, मुलीला एकटीला मी पाठवणार नाही. तुम्हाला ती पसंत असेल तर घाईनं का होईना लग्न उरकू, आणि मग दोघं जा.

अंकुर हवेत तरंगत बागेत आला. वृषाली गाडी चालवत होती. त्यानं सगळं सांगितलं आणि वाट पाहिली. तिनं गाडी कडेला घेतली, बंद केली.

"तू काय म्हटलं त्यांना?"

"हो म्हटलं."

"मले न विचारता?"

तो समोरच्या काचेवरची धूळ पुसायला लागला.

"मी एवढे दिवस राबून राहिली ते माह्या मनानं जाता यावं म्हणून," ती म्हणाली. "आता लग्न केलं तरच हत्ती दिसन, असं ठरवलं तुम्ही दोघांनी. तू मले आवडत नाही असं नाही रे... पण असं नाही."

ती उतरली आणि चालत रस्त्याला लागली. अंकुर स्टिअरिंगकडे बघत बसून राहिला. तिनं पहिल्यांदाच सांगितलं होतं की तो तिला आवडतो, आणि तेच ऐकून त्याला सर्वांत वाईट वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा मोरेश्वररावांच्या दुकानात गेला. या वेळी त्यानं चहा घेतला नाही. उभ्यानंच सांगितलं, की माझा होकार मी परत घेतो. ती मला हवी आहे, पण अशी नाही. तिनं सगळं एकटीनं उभं केलंय, तिला जाऊ द्या. लग्नाचं ती परत आल्यावर, तिला वाटलं तर. गाडी ती उत्तम चालवते, हे मी शपथेवर सांगतो. मोरेश्वररावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "पोरा, बापाचा जीव आहे. एकटीले कसं पाठवू?"

संध्याकाळी अंकुरनं हे घरी सांगितलं. देवकाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "मंग मी जातो तिच्यासंगं."

अंकुरला वाटलं थट्टा आहे. पण दुबईत राहणाऱ्या लेकीकडे जायचं म्हणून काढलेला त्यांचा पासपोर्ट कपाटात पडून होता; दुबई राहूनच गेली होती. बागेचं काय, असं त्यानं विचारलं. मृगाच्या बहारासाठी मे महिन्यात झाडांना ताण देतात, पाणी तोडतात; बागेत काम नसतं. "तू आहेस ना घरी. गाईचं पाहा, सैपाक शिक," देवकाबाई म्हणाल्या. "मी जन्मभर या बागेच्या बाहेर नाही गेली. मले बी पाहू दे."

वृषालीला हे कळलं तेव्हा ती धावत बागेत आली. अंकुर गोठ्यात होता. ती काही बोलणार इतक्यात तोच म्हणाला, "माही चूक झाली." ती म्हणाली, "हाव, झाली." आणि दोघंही हसले.

देवकाबाई सोबत म्हटल्यावर मोरेश्वरराव राजी झाले, आणि त्यांचं तिकीट, व्हिसा सगळं वेळेत झालं. जोहान्सबर्गच्या विमानतळावर वृषालीनं भाड्याची छोटी पांढरी गाडी ताब्यात घेतली आणि निघण्याआधी आरसे दोनदा नीट केले. देवकाबाईंनी शेजारच्या सीटवर बसून नऊवारी सावरली आणि 'जय बजरंगबली' म्हटलं. मग दिवसभर रस्ता, डोंगर, आणि वाटेत त्यांच्याच बागेसारख्या संत्र्याच्या बागा. देवकाबाईंनी एका ठिकाणी गाडी थांबवायला लावली आणि झाडं निरखून निकाल दिला, की आपला संत्रा गोड.

क्रूगरमध्ये शिरल्यावर मात्र दोघींना कुठं बघू अन् कुठं नको असं झालं. झेब्रे रस्ता ओलांडत होते, जसे पांढुर्ण्यात शाळा सुटल्यावर मुलं ओलांडतात. जिराफ वरून डोकावला. हत्तीनं एक अख्खं झाड मोडलं तेव्हा देवकाबाई हळहळल्या, "अरे, झाडाची वाट लावून राहिला हा."

आणि एका वळणावर तो समोर आला... एकटा, प्रचंड, कान पसरलेला नर हत्ती. भर रस्त्यात. तो एक पाऊल पुढे आला. देवकाबाईंनी वृषालीचा दंड घट्ट धरला. वृषालीचे हात आपोआप हलले. हॉर्न नाही, घाई नाही. तिनं गाडी मागे घ्यायला सुरुवात केली, हळू, सरळ, त्याच्यावरची नजर न काढता. हत्ती थबकला. सोंड उचलून त्यानं हवेतला वास घेतला, आणि मग जणू काही झालंच नाही असा बाजूच्या झुडपात शिरला. देवकाबाईंनी तिचा दंड सोडला. "पोरी, अंकुर असता त उतरून पळाला असता."

संध्याकाळी कॅम्पात, चुलीवर खिचडी रटरटत असताना, खाली नदीवर कळप आला. लहानमोठे, ओळीनं, पायानं धूळ उडवत. त्या गुलाबी उजेडात वृषालीला रडू आलं. जे तिनं तळहाताएवढ्या पडद्यावर पाहिलं होतं, ते आता तिच्यासमोर पाणी उडवत होतं, आणि इथवर तिला कुणी आणलं नव्हतं. ती आली होती.

तिनं अंकुरला फोन लावला. त्याला हत्तींचा आवाज ऐकवला. मग म्हणाली, "अंकुर, मी विचारून राहिली, नीट ऐक. माह्याशी लग्न करशील?"

पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज.

"काय झालं?"

"पोळी जळली," तो म्हणाला. आणि मग, खूप हळू, "करीन. हाव... करीन."

मागून देवकाबाईंनी विचारलं, काय म्हणतो. वृषालीनं सांगितलं. देवकाबाईंनी खिचडी ढवळता ढवळता पदरानं डोळे टिपले आणि म्हणाल्या, धूर फार आहे लाकडांना.

नागपूरच्या विमानतळावर मोरेश्वरराव आणि अंकुर दोघंही घ्यायला आले होते. वृषालीनं बाबांना वाकून नमस्कार केला आणि तिथेच, गर्दीत, सांगून टाकलं की हा मुलगा मला पसंत आहे, आता त्याच्या घरी रीतसर विचारा. मोरेश्वरराव गडबडले. देवकाबाई म्हणाल्या, "कायले जाता विचारायले? मी इथंच त उभी आहो."

मोरेश्वररावांनी खिशातून गाडीची किल्ली काढली आणि लेकीच्या हातावर ठेवली.

देवकाबाई आणि मोरेश्वरराव मागे बसले. वाटेत सावनेर आलं तरी देवकाबाईंची तिकडच्या नदीतल्या पाणघोड्याची गोष्ट संपली नव्हती. पुढे अंकुर, वृषालीच्या शेजारी, थोडा अवघडलेला. नेहमीच्या सवयीनं त्यानं हात उचलला, समोरून येणारा ट्रक दाखवायला.

"रस्ता मले दिसते," ती हसून म्हणाली. "तू आपला बोल माह्याशी."